‘बरं शे’ म्हणणं तिनं सोडलं

त्या सकाळी मी आणि माझी बायको सिंधू जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, राखत बसलो होतो. सूनबाईने, वैशालीने, उजाडायच्या आत ज्वारीचा चीक शिजवून ओल्या धोतरावर बिबडे थापले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी हे चालतं. सिंधूची खाट मी पाण्याच्या टाकीच्या सावलीला ओढून घेतली होती. तिने बोटाने कावळा दाखवायचा आणि मी काठी उगारायची, असं आमचं काम वाटलेलं. कडेचा एक बिबडा अर्धवट वाळला होता, तो मी काढला, त्याला तेल लावलं आणि दोघांत मोडून खाल्ला. तेवढ्यात वैशाली वर आली आणि कसा झालाय म्हणून विचारलं. सिंधू म्हणाली, "मीठ जास्त झालं. जिरं दिसतच नाही." वैशाली हसत हसत तिच्या पायाशी बसली.

सासूने चूक काढली आणि सून हसली, हे वाचून कुणाला नवल वाटेल. ते का, तेच सांगायला हे लिहितोय.

त्याच दुपारी सिंधू गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशेला लावून ठेवल्यासारखं व्हायला नको. पण हे रडगाणं नाही. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत आम्ही जेवढं हसलो तेवढं आधी चाळीस वर्षांत हसलो नसू.

मी चौथी शिकलो. दीपनगरला वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर नोकरी केली. तिथे आवाज इतका की बोलायचं ते मोठ्याने आणि थोडक्यात. पट्टा अडकला तर अडकला म्हणायचं. साहेबाला वाईट वाटेल म्हणून चालू आहे म्हटलं तर एखाद्याचा हात जायचा. माझी जीभ तिथे घडली आणि रिटायर झाल्यावरही तशीच राहिली. शुद्धलेखन वैशालीने बघितलंय. बाकी शब्द माझे आहेत. धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आबा, लिहून द्या, बाहेर बाकावर बसणारे वाचतील. म्हणून.

गुण डॉक्टरच्या हाताला नव्हता, तिच्या तोंडाला होता

सिंधू धुळ्याकडची. बोली अहिराणी. तिला कुणीही कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं शे," म्हणजे बरं आहे. ताप असला तरी बरं शे, डोळ्यातून पाणी वाहत असलं तरी बरं शे. कुणाच्या घरी गेलो आणि चहाचं विचारलं की आत्ताच घेतला म्हणायची, आणि बाहेर आल्यावर मला म्हणायची, कुठे चहा मिळतो का बघा. एकदा एका लग्नात तिला कच्ची पुरी वाढली, ती तिने खाल्ली आणि वाढणाऱ्याला वर सांगितलं, पुरी छान झाली. त्याने अजून दोन वाढल्या.

माझ्या तोंडामुळे जी माणसं तुटायची ती ही जोडून आणायची. मी भांडून आलो की संध्याकाळी ही त्याच घरी वाटीभर काहीतरी घेऊन जायची. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत. त्यांनी भाजी दिली तर वाटी धुऊन त्यात साखर, शेंगदाणे, काही नाही तर मूठभर तांदूळ घालून द्यायचे. हा नेम सिंधूने जन्मात मोडला नाही. वाटी घरात दोन दिवस राहिली तरी तिला चैन पडायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. आमच्या भागातल्या डॉक्टरकडे गेलो. चांगला माणूस. त्याने गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी विचारलं, अक्का, कसं वाटतंय? ही म्हणाली, बरं शे, तुमच्या हाताला गुण शे. तो खूश झाला आणि त्याच गोळ्या चालू ठेवल्या. असं सहा महिने चाललं. रिक्षात बसलं की पोट धरून वाकायची. मी चिडायचो. आत काय बोललीस आणि इथे काय करतेस? तर म्हणायची, "तो बिचारा इतक्या मायेने विचारतो. त्याला दुखतं म्हणून कसं सांगू? त्याचं तोंड उतरतं हो."

एकदा मीच मध्ये बोललो, हिला काही बरं नाही, ही खोटं सांगते. तर डॉक्टरसमोर ही हसून म्हणाली, यांचं असंच असतं, यांना असं बोलायची सवय आहे. डॉक्टरही हसला. आयुष्यभर मोठ्याने बोलल्याचं हे फळ. खरं बोललो तेव्हा कुणी ऐकलं नाही.

कळलं तो दिवस

भाचीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेलो होतो. तिथे तिच्या भावाच्या स्वयंपाकघरात ही खाली बसली ती उठेना. मेव्हण्याने तिथल्याच मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. जळगावहून प्रमोद, माझा मुलगा, आला. डॉक्टर मॅडमनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की पोटातली गाठ आहे, पसरली आहे, कापून निघण्यासारखी राहिली नाही. मी विचारलं, किती दिवस? मॅडम म्हणाल्या, थोडे. पण ते चांगले काढता येतील.

प्रमोद भिंतीला टेकला आणि म्हणाला, आईला सांगायचं नाही. गॅसचं आहे सांगू. मेव्हण्याचंही तेच. मी नेहमीसारखा उलटं बोललो नाही. खरं सांगायचं तर माझीच हिंमत झाली नाही. दोन दिवस मी तिच्यापाशी बसलो, डोकं दाबून दिलं, संत्री सोलून दिली, आवाज चढवला नाही.

तिसऱ्या दिवशी संत्र्याची फोड हातात घेऊन म्हणाली, "दोन दिवस तुम्ही माझ्याशी गोड बोलताय. म्हणजे फार वाईट आजार आहे."

मी हो म्हटलं. मग तिने ती फोड खाल्ली आणि म्हणाली, आता तरी नीट बोला, मला ते गोड बोलणं जड जातं.

आम्ही दोघं तिथेच हसलो. प्रमोद चहाचा थर्मास घेऊन आत आला, त्याला वाटलं आईला कळलं नाही म्हणून हसते आहे. तो मला बाहेर नेऊन म्हणाला, बरं केलं बाबा, सांगितलं नाहीत.

शून्य ते दहा

दवाखान्याचं रोजचं गाडं ठरलेलं. सकाळी सिस्टर यायची, मग झाडणारी मावशी, मग चहा, मग मॅडमची फेरी. मी देवपूरला मेव्हण्याकडे अंघोळ करून डबा घेऊन यायचो. दिवसभर बाकावर बसून कंबर मोडायची. बाकावर ओळखी होतात. सगळे एकमेकांना विचारतात, कसं आहे पेशंट? सगळे सांगतात, बरं आहे. मी म्हणायचो, काही बरं नाही. मग माझ्या शेजारची जागा रिकामी व्हायची.

मॅडम दुखणं कमी करायच्या डॉक्टर. वयाने माझ्या मुलीएवढ्या. रोज विचारायच्या, अक्का, दुखणं शून्यापासून दहापर्यंत किती? शून्य म्हणजे नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. औषध किती द्यायचं ते त्या आकड्यावर ठरणार.

सिंधूने पहिल्या दिवशी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कितीचा आकडा बरा?"

सिस्टरने तोंडाला रुमाल लावला. मॅडम म्हणाल्या, माझं सोडा, तुमचं सांगा. ही म्हणाली, दोन. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी मॅडम जरा थकलेल्या दिसल्या, तर ही म्हणाली, आज एकच शे. आणि रात्री तिने चादर चावून फाडलेली मी डोळ्यांनी पाहिलेली.

मी ओरडलो, दहा लिहा. मॅडम मला म्हणाल्या, आबा, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण तुमच्या आकड्यावर मी औषध देऊ शकत नाही. जास्त झालं तर त्या उठणार नाहीत. आकडा त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे.

आता बघा. माझं सगळं त्या एका आकड्यावर अडलं. गाठ जाणार नाही हे कळलं होतं. दुखणं जाऊ शकत होतं, औषध कपाटात होतं, आणि माझी बायको डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून ते घेत नव्हती. मी रागावलो, हात जोडले, प्रमोदने शपथ घातली. सगळ्यांना एकच उत्तर, ती पोर दिवसभर लोकांची रडणी ऐकते, तिला माझ्याकडे तरी दोन मिनिटं बरं वाटू द्या.

वाटी

एके दिवशी दुपारी मी मेव्हण्याकडचा डबा धुऊन परत द्यायला निघालो. तर खाटेवरून ही म्हणाली, रिकामा नेऊ नका, वहिनीला काय वाटेल, त्यात दोन केळी टाका. घाम आलेला, ओठ पांढरे पडलेले, आणि हिचं लक्ष डब्यावर.

माझं डोकं फिरलं. मी डबा तिच्या उशाशी ठेवला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. "वहिनीचा डबा रिकामा जात नाही तुला. आणि ती मॅडम रोज सकाळी तुझ्यापुढे वाटी धरते, ती तू रोज रिकामी परत देतेस. तिला वाटी भरून पाहिजे, म्हणून ती विचारते. तू नुसतं बरं शे म्हणून झाकण लावून देतेस."

ठरवून बोललो नव्हतो. पण तिला ते लागलं. "रिकामी?" म्हणाली. "मी?" एवढा अपमान तिचा मी चाळीस वर्षांत केला नव्हता, आणि केलेले काही कमी नव्हते. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. विचारलं. सिंधूने आधी पदर नीट केला, जसं कुणाला काही द्यायचं असलं की करायची. मग म्हणाली, "माले भू दुखस, मॅडम. आठ. रात्री नऊ व्हतं."

मॅडमनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, थँक्यू अक्का.

मी आयुष्यात थँक्यू पुष्कळ ऐकले. ऑफिसातले, दुकानातले, लग्नाच्या मांडवातले. दुखतं असं सांगितल्याबद्दल कुणी कुणाला थँक्यू म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, मॅडमचे डोळे भरले होते. सिंधूलाही ते कळलं. ती नंतर मला म्हणाली, मॅडमचं तोंड उतरलं नाही हो, उलट उजळलं. मला वाटायचं उतरेल.

औषध वाढवलं. दोन दिवस आकडा वर खाली झाला, मग तीनवर आला. खरा तीन. त्या दिवशी दुपारी ती चार तास झोपली. मी बाकावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, पेशंट बरं आहे. कुणी विश्वास ठेवला नाही.

मग आमची मजा सुरू झाली

एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठे थांबतं. तिला खरं बोलायची गोडी लागली. पहिली सापडली वहिनी. वहिनी रोज खिचडी पाठवायची आणि ही रोज छान झाली म्हणून निरोप द्यायची. त्या दिवशी वहिनी स्वतः आली तर ही म्हणाली, वहिनी, तुझ्या खिचडीत हिंग फार असतो. मी नऊ दिवस छान म्हटलं, ते खोटं होतं. वहिनी अर्धा दिवस फुगली. दुसऱ्या दिवशी हिंगाशिवाय आणली. सिंधूने दोनदा मागून घेतली आणि आज खरंच छान आहे म्हणाली. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, तीस वर्षांत तू माझ्या हातचं पहिल्यांदा खाल्लंस.

भेटायला येणारे तेच तेच बोलायचे, काही होत नाही, बऱ्या होऊन घरी जाल. ही त्यांना शांतपणे सांगायची, बरी होणार नाही, पण तू आलीस ते बरं वाटलं. आता थोडं बस आणि जा, मला झोप येतेय. लोक आधी दचकायचे. मग बघितलं तर उठायला कुणी तयार नसायचं. एक लांबची चुलत बहीण तर इतकी मोकळी झाली की तिने स्वतःच्या सुनेचं सगळं गाऱ्हाणं तिथे सांगितलं. सिंधू म्हणाली, चूक तुझी आहे. बहिणीने ते मान्य केलं. हे मी पाहिलं नसतं तर लिहिलं नसतं.

घरी जळगावला आणल्यावर वैशालीची पाळी आली. लग्न होऊन तिला अठरा वर्षं झाली, सासूने कधी तिच्या एका भाजीला नाव ठेवलं नव्हतं. सिंधूने पहिल्याच दिवशी सांगितलं की तुझी वांग्याची भाजी पाणचट होते. वैशाली आत जाऊन रडली. मी तिला समजवायला गेलो तर म्हणाली, आबा, मला वाईट वाटून रडत नाही. आई माहेरी आलेल्या त्यांच्या मुलीची भाजी नावं ठेवून खायच्या आणि माझी न बोलता. मला वाटायचं मी पाहुणीच आहे या घरात.

हे मला कधी सुचलं नसतं. मी म्हणायचो हिचं गोड तोंड म्हणजे माया. त्यात लांब ठेवणंही असतं, हे माझ्या सुनेने मला शिकवलं.

आणि माझी पाळी. मी दर दिवाळीला तिला साडी आणायचो, स्वतः निवडून. एके दिवशी कपाट आवरताना वैशालीने त्या बाहेर काढल्या तर सिंधू म्हणाली, सगळ्या करड्या आणि काळपट. मला एकही आवडली नाही. कोळशातून आलेला माणूस, याला रंग दिसत नसतील म्हणून गप्प बसले. मी इतका हसलो की शेजारी बघायला आले. मग मी आणि वैशाली बाजारात गेलो आणि पोपटी रंगाची आणली. ती नेसून ती तीन दिवस हिंडली, म्हणजे खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर.

वाईट दिवसही होते. उलट्या व्हायच्या. प्रमोदचं आणि माझं भांडण व्हायचं, त्याला अजून कुठे तरी मुंबई-पुण्याला न्यायचं होतं. एकदा तो म्हणाला, बाबा, तुम्ही आशा सोडली. सिंधूनेच त्याला जवळ बसवून सांगितलं की मला फिरवू नको, मला इथे दुखत नाहीये, हे तुला लहान वाटतं का? त्या दिवसापासून तो ऑफिसातून आल्यावर तिच्यापाशी बसून नुसता पेपर वाचून दाखवायचा.

एकदा मी तिचे पाय चेपत होतो. ती म्हणाली, "मी दोन म्हणत होते तेव्हा तुम्ही दहा म्हणून ओरडलात. माझं दुखणं तुमच्याइतकं कुणी मोजलं नाही. ते मला फार बरं वाटलं होतं, बोलले नव्हते."

मी पाणी पितेस का विचारलं. ती नको म्हणाली. खरंच नको होतं.

दुसऱ्या दिवशी

बिबड्यांच्या त्या दिवशी गच्चीवरून खाली आलो. ती थोडं वरण-भात जेवली, आडवी झाली. चारला चहा घेऊन गेलो तर गेलेली होती. एक हात गालाखाली. कपाळावर आठी नव्हती. चादर सरळ होती. सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलं.

सकाळी उठून मी अंघोळ केली आणि पिशवी घेतली. वैशालीने विचारलं, कुठे? मी म्हटलं, धुळ्याला. घरात पाहुणे, सगळे अंगावर आले. सुतकात कुणाच्या दारी जात नाहीत, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, दवाखाना कुणाचं दार नाही. प्रमोद उठला, चपला घातल्या, मला स्टँडवर सोडलं आणि खिडकीची जागा बघून दिली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. धुळ्याला उतरून दवाखान्यात गेलो आणि बाकावर नंबर लावून बसलो. पुढे बरेच लोक होते, मागेही होते. नंबर आला तेव्हा आत गेलो आणि पेशंटच्या खुर्चीवर बसलो. मॅडमनी माझ्या मागे बघितलं, अक्का कुठे आहेत म्हणून.

मी सांगितलं, काल दुपारी गेली. झोपेत. तिला दुखत नव्हतं. तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून आलो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आबा, पेशंट गेल्यावर हे सांगायला कुणी येत नाही. मग खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?"

मी उठणार होतो. दाराशी लोक उभे होते, त्यांची दुखणी घेऊन. मी म्हटलं, रांग मोठी आहे, मॅडम.

दारातल्या एका बाईने ते ऐकलं. नवऱ्याची फाईल छातीशी धरून उभी होती, नवरा भिंतीला टेकून. ती म्हणाली, बोला आबा, आम्हाला काही घाई नाही.

घाई तिला होती, तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण ती खरं बोलली असं मी धरलं, आणि सांगायला लागलो.